कोरड्या मातीतलं दुपटं

सुती कापडाच्या पट्ट्या मातीत पुरायच्या आणि काही आठवड्यांनी उकरून, ताणून बघायच्या, हे माझं लखनौमधलं काम. पट्टी सहज फाटली तर मातीतले जिवाणू कामाला लागलेत. नाही फाटली तर माती कोरडी आणि ते निपचित. शहराबाहेरच्या ऊसर, म्हणजे खारवट नापीक जमिनीत ते बहुतेक वेळ निपचितच असतात. मरत नाहीत, पाण्याची वाट बघतात. एवढं शिकून चिंध्या पुरतेस का, असं नातेवाईक विचारतात. मी हो म्हणते. वाद घालायचा मला कंटाळा आहे.

आमची मुलगी जन्मली आणि मोजकेच दिवस जगली. एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, माती देतात. बाळंतिणीनं तिथं जायचं नसतं, पण मी हट्टानं गेले. जागा तशाच पांढरट, खारट जमिनीत होती. बाळंतपणासाठी सोलापूरहून आलेल्या आईनं स्वतःच्या जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून आणली होती. त्यातल्या सगळ्यात मऊ दुपट्यात तिनं बाळाला घरीच गुंडाळून दिलं होतं. खड्ड्याशी मी सवयीनं माती हातात चुरून पाहिली. इथं काही लवकर कुजणार नाही, हे कळलं आणि मला आधार वाटला. असलं कुणाला सांगणार?

उन्हाळ्यात आम्ही पट्ट्या उकरल्या. माझी सहकारी एक पट्टी ताणत म्हणाली, "अरे यार, ये तो बिल्कुल नई जैसी है." तिला काही ठाऊक नव्हतं. मी गाडीत जाऊन बसले आणि पोटभर रडले. लूच्या गरम झळांनी आमचं सगळं इंदिरा नगर हैराण झालं होतं, शेजारीपाजारी आभाळाकडे बघत होते आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, अजून थोडं तापू दे. स्वार्थीपणा होता, पण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

हल्ली पावसाचा काही नेम राहिलेला नाही. ऐन मे महिन्यात वादळ आलं आणि दुपारभर कोसळलं. तापलेली माती अशी अचानक भिजली की उपाशी जिवाणू जागे होऊन मिळेल त्यावर एकदम तुटून पडतात आणि मातीतून भसाभसा वायू बाहेर येतो. आमचं यंत्र तो मोजतं. पडद्यावरची रेघ वर चढत गेली, तसे सगळे खूश झाले. मला ते यंत्र बंद करावंसं वाटत होतं.

संध्याकाळी आईचा फोन आला. लखनौच्या पावसाची बातमी तिनं टीव्हीवर पाहिली होती. मातीत आता काय सुरू झालंय ते तिला कळू द्यायचं नाही, असं ठरवून मी इकडचं तिकडचं बोलत राहिले. तिनं ते ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "दुपटं ओलं झालं असेल गं तिचं. बदलायला जवळ कुणी नाही."