एकोणीस पावत्या, एकच अंगठा

ती तक्रार आजही आठवली की आधी हसू येतं, मग स्वतःचाच राग येतो. तेव्हा मी गोव्यात डिचोलीला पोलीस निरीक्षक होतो. एका खासगी संशोधन संस्थेचा हिशेबनीस ठाण्यात आला आणि एकोणीस पावत्या टेबलावर टाकून म्हणाला, "साहेब, आमच्या माणसाने बनावट कागद केलेत."

माणूस पेडण्याचा, काम हरमलच्या मिरचीवर संशोधनाचं. संस्था त्याला संशोधन भत्ता द्यायची. जेवढा खर्च पावतीनिशी दाखवाल तेवढा करमुक्त, उरलेला पगारात धरून कर. पावत्या मिरची विकणाऱ्या एकोणीस बायकांच्या नावाच्या, अक्षर मात्र एक. भिंग लावलं, तर अंगठाही एकच! गुन्हा नोंदवला असता तर त्याची नोकरी गेलीच होती.

त्याला बोलावून दरडावलं, "अंगठा कोणाचा?"

"माझाच, साहेब." बिचारा रडकुंडीला आला. "मिरच्या खरंच घेतल्या हो! पण बायका अंगठा देईनात. कागदावर अंगठा दिला की जमीन जाते म्हणतात."

यात मात्र तथ्य होतं. जमिनीचे भाव वाढल्यापासून पेडण्यात घरोघरी म्हाताऱ्यांना हेच बजावून ठेवलंय.

"अरे, मग एकोणीस जणींना एकच अंगठा? दुसरं बोट तरी वापरायचंस!"

"सुचलं नाही, साहेब."

इतका भाबडा आरोपी मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. पेडणे ठाण्याला कळवून त्याला थेट बाजारात नेलं. खाकी दिसताच बायका ओरडल्या, "आमी खंय सही करूक नाय!" मग एक म्हातारी त्याच्याकडे बघून हसली. "अरे, हो तोच रे! दरेक मिरची चावन बघता आणि रडता. दोन किलो नेल्यान, रोख पैसे देवन."

मग सगळ्याच बोलू लागल्या. वजन, भाव, सगळं तोंडपाठ! जबाब लिहून घेतले. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही लागत नाही, हे त्या दिवशी फार कामी आलं.

संस्थेने तक्रार मागे घेतली, नोकरी वाचली. खोट्या पावत्या बाद झाल्या; तेवढ्या रकमेवर त्याने मुकाट्याने कर भरला. कागद खोटा निघाला म्हणून माणूस लबाड ठरवायची घाई मी पुन्हा केली नाही.

बाजारातून निघताना त्या म्हातारीला सहज विचारलं, "आजी, मी पोलीस. मला तरी अंगठा दिला असतास?"

"तुका?" ती म्हणाली. "तुका तर मुळीच नाय!"