तापलेले टायर

आजही पंपावर स्कूटरची हवा बघायला थांबले की माझा हात आधी टायरवर जातो. ही सवय बाबांची. त्यांचा ट्रेलर न्हावा शेवा बंदरात कंटेनरच्या फेऱ्या करायचा. संध्याकाळी पनवेलला आमच्या घरासमोर गाडी लागली की बाबा आत येण्याआधी एकेका टायरवर हात ठेवत फिरायचे. आई दारातून म्हणायची, टायरांची विचारपूस झाली असेल तर घरच्यांचीही करा.

आल्या आल्या हवा मात्र ते कधीच बघत नसत. धावून धावून टायर तापलेले, आतली हवाही तापलेली. मीटर जास्तच दाखवणार. नववीत मी पुस्तकात वाचलं, आकारमान तेवढंच राहिलं तर तापमानाबरोबर वायूचा दाब वाढतो. मोठ्या तोऱ्यात त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, बरं झालं, पुस्तकालाही कळलं. तेव्हा मी फुगून बसले होते. आता ते आठवलं की बाबांची फार आठवण येते.

दादाला धीर असा नव्हताच. बाबांच्या पाठीने दगा दिल्यावर गाडी तो चालवू लागला. मे महिन्यातल्या एका दुपारी बंदरातून परतल्याबरोबर त्याने मीटर लावला, दाब जास्त दिसला म्हणून मागच्या टायरांची हवा सोडली आणि जेवायला बसला. रात्रीत टायर थंड झाले, हवा कमी पडली. सकाळी न बघताच तो कंटेनर घेऊन निघाला आणि उरणच्या रस्त्यावर कमी हवेचा टायर ओझ्याखाली तापून फुटला. गाडी दुभाजकावर चढली. दादाला खरचटलंही नाही, हे आमचं नशीब. बाबा मुळात घाबरले होते, पण तोंडून निघाला तो राग.

"माज्या गाडीला परत हात लावू नको," सगळ्या आळीसमोर ते म्हणाले.

दादा त्याच दिवशी बॅग भरून बेलपाड्याला मित्राकडे गेला आणि दुसऱ्याची गाडी चालवू लागला. टायर निवेपर्यंत थांबणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलासाठी तेवढं थांबता आलं नाही, याचं मला फार वाईट वाटायचं. दादाचे फोन आईला यायचे. बाबा तिला मोबाइल स्पीकरवर ठेवायला सांगायचे, का तर तुला नीट ऐकू येत नाही. आईचे कान ठणठणीत होते.

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी दारासमोर ट्रेलर थांबला. दादा उतरला, पण घराकडे येईना. टायरांजवळच घुटमळत राहिला. आई हाक मारणार, तर बाबांनी हातानेच तिला थांबवलं आणि चप्पल न घालता बाहेर गेले. त्यांनी मागच्या टायरवर हात ठेवला.

"तापलेत," ते म्हणाले.

"हा. आता नाय बघत हवा," दादा खाली बघत म्हणाला.

"मग थंड होईपर्यंत घरात चल. चाय पी."

आई आधीच आत वळली होती. मी दारातच उभी राहून रडले. टायर केव्हाचे निवले, तरी दादा उठला नाही. हवा सकाळी बघितली, दोघांनी मिळून.