बघायच्या दिवशीचं इंग्रजी

"इंग्रजी वाचती म्हणं पोरगी," मुलाची आई पडद्याआड माझ्या आईला म्हणाली. "वाचून दाखवू दे की."

आईने कपाळाला हात लावला. कुरुंदवाडहून पाहुणे मला बघायला आले होते. मी चालून दाखवलं होतं, सुईत दोरा ओवून दाखवला होता. शाळेच्या मडम मला पुढच्या शिक्षणाला पुण्याला पाठवायला तयार होत्या, आणि वडील म्हणाले होते, "हे स्थळ मोडलं तर बघू." स्थळ मोडायला हवं होतं, पण मी मोडलं असं दिसायला नको होतं.

आधीची दोन स्थळं इंग्रजीच्या नुसत्या नावाने परत गेली होती. "उद्या टेबलावर जेवंल, नवऱ्याला नावानं हाक मारंल," असं म्हणाले होते. म्हणून मी मडमनी वाचायला दिलेली कादंबरीच आणली. एरवी परक्यांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. त्या दिवशी एक अख्खं पान मी न अडखळता, अगदी मडमच्या सुरात वाचलं.

कादंबरी एका अनाथ मुलाची होती. तो नावाड्यांबरोबर हिंडत मोठा होतो. त्यांची बोली त्याला येते, साहेबाचीही येते, आणि कुठे चाललास असं त्याला कुणी विचारत नाही. माडीवर बसून मी ती पुन्हा पुन्हा वाचली होती. त्याच्या जागी स्वतःला ठेवायची लाज वाटे, तरी ठेवत असे.

वाचून झालं तसे पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं, जमलं.

मग मुलाच्या चुलत्यांनी मांडीवर थाप मारली. "हेच पायजे हुतं. पोरगा रेसिडेन्सीत, गोऱ्या सायबाच्या कचेरीत, कारकून हाय. सायबाची मडम सारखी म्हणती, घरातल्या बायका भेटाय आणा. आमच्या बायका तिच्यापुढं काय बोलणार?"

"ही बोलंल," मुलाची आई पडद्याआडून म्हणाली. "मडमच्या पोटातलं काढून आणंल. पोराला बढती मिळंल."

सगळे हसले. आईसुद्धा हसली. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही, सुपारी आणायला सांगितली.

सुपारी फुटली. चुलत्यांनी पुस्तक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "कशाची गोष्ट म्हणायची ही?"

"एका पोराची आहे," वडील म्हणाले.

"मग शेवटी काय हुतं गं त्या पोराचं?"

शेवट मला पाठ होता. पुण्याचं नाव आता कुणी काढणार नव्हतं.

"साहेब त्याला नोकरीला ठेवतात," मी म्हणाले. "दोन्हीकडची बोली येते म्हणून, लोकांच्या पोटातलं काढून आणायला."