महालक्ष्मीच्या वाटेवर फुटलेला नारळ

नवस पूर्ण झाला नाही, तर त्यासाठी बांधून ठेवलेल्या नारळाचं काय करायचं, हे मला कोणीच नीट सांगू शकलं नाही. पत्नी आजारी पडली तेव्हा तिने डहाणूच्या महालक्ष्मीला नवस बोलून एक नारळ लाल फडक्यात बांधला आणि देव्हाऱ्यात ठेवला. बरी झाले की स्वतः नेऊन वाहीन, म्हणाली. ती बरी झाली नाही. पावसाळा सरता सरता गेली, आणि नारळ तिथेच राहिला. वहिनी म्हणाल्या, समुद्रात सोडा. आगाशीचे गुरुजी म्हणाले, देवीचा आहे, देवीला पोचवा. मला मात्र वेगळीच धास्ती होती. इतक्या दिवसांत तो आतून नासला असणार, आणि देवीपुढे फुटला की पत्नीची सगळी विनवणी वाया गेल्याचं मला डोळ्यांनी बघावं लागणार.

सायकल हा माझा जुना नाद. बोळिंजहून निघून कधी आगाशी, कधी भुईगावचा किनारा, रोज सकाळी एकटाच जातो. माणसांच्या घोळक्यात सायकल चालवणं मला कधीच जमलं नाही. पण एका ग्रुपची तीन दिवसांची सफर महालक्ष्मीवरून जाणार होती, म्हणून नाव दिलं, आणि नारिंगीच्या धक्क्यावरून बोटीने खाडी ओलांडेपर्यंतच पस्तावलो. आमचा म्होरक्या निनाद, माझ्या मुलीच्या वयाचा. शिट्टी वाजली की थांबायचं, पुन्हा वाजली की केळं खायचं, आणखी वाजली की सायकल डोक्यावर धरून फोटो. मी धरली नाही, तर “काका, स्माइल तरी द्या.” सामान टेम्पोत टाकायचा नियम होता. माझ्या हँडलच्या पिशवीवरून निनादने दोनदा हुज्जत घातली. आत काय आहे ते मी सांगितलं नाही. केळव्याच्या मुक्कामी पुस्तक उघडलं, तर भेंड्या सुरू झाल्या आणि म वरून गाणं मलाच म्हणायला लावलं.

आमच्या घरात नवस फेडायला उपाशीपोटी जातात, पाणीसुद्धा न पिता. दुसऱ्या दिवशी मी तेच केलं. शिट्टी झाली की मुकाट्याने केळं घ्यायचो आणि वाटेत दिसेल त्या शेळीला द्यायचो. बाटली भरलीच नव्हती. ग्रुपच्या शेवटी राहून मागे पडलेल्यांना सांभाळायचं काम सिल्वियाकडे होतं. ती भुईगावची, शाळेत शिकवणारी. तिने सकाळपासून माझ्या मागे राहून अखंड बडबड चालवली होती. वाणगाव मागे पडल्यावर ऊन चढलं. तिला एकदा तरी गप्प बसायला सांगावं म्हणून मान वळवली, एवढंच आठवतं.

डोळे उघडले तेव्हा मी झाडाखाली होतो आणि तोंडात गोडसर पाणी होतं. शेजारी माझ्या पिशवीतलं लाल फडकं पसरलेलं, त्यावर फुटलेला नारळ. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोणाला विचारून फोडलात, म्हणून मी ओरडलो. ओरडलो असं मला वाटलं. आवाज फारसा निघाला नसावा.

“कोणाला विचारणार, त्या म्हशीला?” पलीकडे चरणाऱ्या म्हशीकडे बोट दाखवत सिल्विया म्हणाली. तिच्याकडचं पाणी संपलं होतं, टेम्पो मंदिरापाशी पोचला होता. “देवीचा आहे ते फडकं बघूनच कळलं मला, काका. शिव्या नंतर द्या. आधी हा तुकडा संपवा.”

मी तो चावला. मग विचारलं, नासका नव्हता?

“नासका असता तर पाजला असता का?”

खोबरं ताजं होतं, गोड होतं. इतके महिने देव्हाऱ्यात राहिलेला नारळ. मी तोंडावर हात ठेवून बसून राहिलो. सिल्वियाने दुसरा तुकडा पुढे केला.

तेवढ्यात शिट्टी वाजवत सगळे उलटे आले. उपास असल्याचं मी कबूल करताच निनादने मला चांगलंच फैलावर घेतलं, आणि त्याचं बरोबर होतं. मग त्याला ते लाल फडकं दिसलं. बायकोचा नवस, एवढंच मी सांगितलं. त्या गोंगाट्या माणसांनी एकेक करून हेल्मेट काढली आणि हात पुढे केले. उरलेलं खोबरं मीच वाटलं.

देवीपुढे मी रिकाम्या हातांनी उभा राहिलो. तिला विचारायचा प्रश्न कित्येक दिवस घोकला होता. विचारला नाही. पत्नी का गेली, हे मला आजही कळलेलं नाही. पण तिने जीव वाचावा म्हणून बांधलेला नारळ त्या दुपारी माझ्या जिवाच्या कामी आला. तो कुठे फुटावा, कोणाच्या हातून, कोणाच्या तोंडी पडावा, हे ठरवायला मी निघालो होतो, आणि देवीआईने ते काम माझ्या हातून काढून घेतलं. काढून घेतलं ते बरं केलं. मी वाकलो, गाभाऱ्याच्या उंबऱ्याला डोकं टेकलं, आणि मागची बाई पुढे सरका म्हणेपर्यंत तसाच राहिलो.