अण्णाजींची गिरडची फेरी

अण्णाजी भोयरांची पिठाची चक्की समुद्रपुरात आमच्या घराला लागूनच आहे. ऐन तारुण्यात त्यांच्या हातांवर आणि ओठांवर कोड उतरलं आणि त्यांच्या लग्नाचा विषय कायमचा मिटला. "मी त पिठानं पांढरा झालो," असं सांगून ते गिऱ्हाइकांना हसवतात. कोड लागत नाही हे सांगून डॉक्टर थकले. पण सोयरिकी काही डॉक्टर जुळवत नाहीत.

धाकटा भाऊ लक्ष्मणराव, भावजय आणि पुतणी आकांक्षा एवढाच त्यांचा संसार. पोरीला त्यांनी सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत पोहोचवलं. तिला पाहायला पाहुणे येतील तेव्हा बैठकीत आपण मधोमध बसायचं, ही एकच हौस त्यांनी राखून ठेवली होती. आम्हा शेजाऱ्यांना ती ऐकून ऐकून पाठ झाली होती.

चैत्रातल्या एका रविवारी आकांक्षाच म्हणाली, "मोठे बाबा, किती दिवसाचे गिरडच्या दर्ग्यावर नाई गेले तुमी. चक्की आज बंद ठेवा, जाऊन या ना सायकलनं." तिनं पाण्याची बाटली भरून दिली, डोक्याला दुपट्टा बांधून दिला. म्हातारा हरखला.

चढ आला की उतरून सायकल ढकलायची, उतारावर पायडल सोडून द्यायचं, असं त्यांचं चाललं होतं. मोह वेचणाऱ्या बायांशी बोलले, त्यांनी दिलेली दोन फुलं चघळली. ऊन चढत होतं, पण घाई कुणाला होती? घरातल्या कुणीतरी आपल्या जिवाचा विचार केला, यातच ते गार होते. दर्ग्याच्या टेकडीवर जाऊन त्यांनी पोरीच्या लग्नासाठी माथा टेकला.

खाली उतरून चहा घेत होते, तोच एक गाडी थांबली.

"समुद्रपूरले हाच रस्ता जाते का जी?" गाडीतल्या गृहस्थांनी विचारलं. "लक्ष्मणराव भोयराइच्या घरी पोरगी पाहाले चाललो. आकांक्षा नाव हाये."

अण्णाजींनी डोक्याचा दुपट्टा सोडून हात त्यात घेतले. "घरी कोण कोण हाये त्याइच्या?"

"माय, बाप अन् पोरगी. बाप एकुलता एक. पोरीनंच सांगतलं आमच्या पोराले फोनवर."

लक्ष्मणरावानं लपवलं असतं तर अण्णाजींना नवल वाटलं नसतं. भावाचं त्यांनी असं पुष्कळ गिळलं आहे. पण पोरीनं केसानं गळा कापला. मी असतो तर त्याच गाडीत चढून थेट बैठकीत जाऊन बसलो असतो. अण्णाजींनी एकेक वळण समजावून सांगितलं, चक्कीच्या बाजूचं घर म्हणून खूणही दिली. गाडी गेली आणि त्यांना सायकलवर बसवेना. चहावाल्याच्या बाकावर ते तसेच बसून राहिले.

दुपारी फोन वाजला. आकांक्षा हळू आवाजात बोलत होती.

"मोठे बाबा, कुठवर आले? आरामात येजा. ऊन लय हाये."

"आरामातच येतो," अण्णाजी म्हणाले. "पाव्हण्याइले घर सापडलं नं? मीच सांगतला रस्ता."

पलीकडून बैठकीतलं हसणं ऐकू आलं. अण्णाजींनी फोन बंद केला.