हातमागाची मच्छरदाणी

आमच्या मच्छरदाणीत डास शिरायचे, आणि त्याला कारण बाबांची तत्त्वं होती. गिरणीचं कापड घरात येणार नाही, हा त्यांचा नियम. त्यांचं धोतर हातमागाचं, आईची लुगडी हातमागाची, इथपर्यंत ठीक होतं. पण मच्छरदाणीची जाळी गिरणीतच होते. बाबा हटले नाहीत. बुऱ्हाणपुरात घरोघरी माग चालतात, मग जाळीसाठी गिरणीच्या दारात कशाला जायचं, असं म्हणत त्यांनी अगदी विरळ विणीचं सुती कापड विणून घेतलं आणि आईकडून त्याची मच्छरदाणी शिवून घेतली.

विरळ विणीचे धागे सरकतात. झोपेत पाय लागला की थोडे इकडे, थोडे तिकडे, आणि मधे बोट जाईल एवढं भोक. आई म्हणायची, "माणसांना स्वराज्य मिळालं, ह्यांनी डासांनाही देऊन टाकलं."

भोकं बुजवायचं काम आत्याचं होतं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नव्हतं. सरकारी मुलींच्या शाळेत शिकवायची आणि आमच्याकडेच राहायची. मागच्या खोलीत एका खाटेवर आम्ही दोघी झोपायचो. खिडकीखालून नाला वाहायचा, त्यामुळे डासांना बारा महिने सुगी.

जेवणं आटोपली की आत्या खुंट्यांना दोऱ्या बांधायची, मला आत सोडायची, कडा गादीखाली खोचायची. मग कंदील स्टुलावर ठेवून, अंबाड्यातला आकडा काढून ती मच्छरदाणीभोवती फिरायला लागायची. मी आत उताणी पडून भोकं शोधायचे. आम्ही त्यांना खिडक्या म्हणायचो.

"आत्या, इथे एक खिडकी."

"कोणाच्या घराची?"

"शेजारच्या काकूंची. डोकावतायत."

"मग लावून घेऊ. त्यांना सगळ्यांच्या घरातलं बघायचं असतं."

आकड्याच्या टोकाने ती एकेक धागा जागेवर आणायची. कापडापलीकडून तिच्या बोटाची सावली हळूहळू सरकत माझ्या डोक्यावरून पायांकडे जायची. घाई कधीच नाही. दिवसभर शाळेत ओरडून बसलेला तिचा आवाज त्या वेळी अगदी खाली उतरलेला असायचा. सगळ्या खिडक्या लागल्या की ती आत यायची, आणि मग पत्रक.

बाबा कापसाच्या जिनिंगच्या पेढीवर कारकून होते, पण जगायचे पत्रकांसाठी. एका मित्राच्या छापखान्यात ती छापली जायची आणि शाई फिसकटलेल्या प्रती घरी यायच्या. मी अक्षरं त्यांवर शिकले. इतर मुलं चिऊकाऊची गोष्ट मागत, मी पाणीपट्टीवाढीचं पत्रक मागायचे. कंदिलाच्या उजेडात आत्या ते वाचायची, पण अंगाईच्या सुरात. "या अन्यायाचा आम्ही तीव्र शब्दांत निषेध करतो," हे वाक्य ती इतक्या मायेने म्हणायची, की निषेध ही काहीतरी पांघरायची वस्तू असावी असं वाटे. मागण्या शेवटी असतात. तिथवर मी कधीच जागी राहिले नाही.

त्या वर्षांत देशाचा नकाशा सारखा बदलत होता. संस्थानं विरली, जुने प्रांत मोडायला निघाले, भाषेप्रमाणे राज्यं होणार म्हणून सगळीकडे चर्चा. बाबांनी मराठी राज्यासाठी लेखणी झिजवली. शेवटी राज्यं झाली. नागपूर-वऱ्हाड पलीकडे, मराठी मुलखाच्या बाजूला गेलं आणि आमचं गाव नव्या मध्य प्रदेशात राहिलं. सरकारी शाळांतल्या शिक्षकांना विचारणा झाली, कुठे जाता? मी तेव्हा आठ वर्षांची होते.

जेवताना आत्या म्हणाली, "दादा, मी वऱ्हाड सांगून आले."

बाबांचा घास हातात राहिला. "म्हणजे?"

"मराठी शाळा, मराठी राज्य. तुझंच पत्रक आहे."

"अगं, ते गावासाठी होतं!"

"गाव जात नसेल तर माणसांनी जावं, असंही तूच लिहिलंयस. मागच्या पानावर."

आई भाकरी वाढताना म्हणाली, "मागचं पान घरात कोणी वाचतं, हे ह्यांना कुठे माहीत होतं!"

"आणि हिचं काय?" बाबांनी माझ्याकडे हात केला. आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने ताक मागितलं.

ती गेल्यावर बाबांनी काही दिवस आकडा घेऊन पाहिला. त्यांच्या हातून धागे सरकण्याऐवजी तुटत. मग एका संध्याकाळी ते शनवाऱ्याच्या बाजारातून बगलेत पुडकं घेऊन आले. आत गिरणीची पांढरीशुभ्र जाळी.

"हा गिरणीचा माल आहे," मी म्हटलं. "मी यात झोपणार नाही."

"बेटा, डास चावतात तुला."

"पत्रकात काय लिहिलंय?"

"पत्रकात डासांबद्दल काही नाही," बाबा म्हणाले आणि खुंटीला दोरी बांधू लागले. नियम मोडताना त्यांचा चेहरा कसा झाला होता, ते मला आठवतं. माझ्यासाठीच मोडत होते, तरी मी त्यांना सोडलं नाही. भांडून झाल्यावर आईने उचलून आत टाकलं. त्या जाळीत एकही डास आला नाही आणि मला झोपही आली नाही. बघायला काही नव्हतं. सगळी भोकं सारखी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आई मला घेऊन आत्याकडे निघाली. बाबांनी एक वाट शोधली होती. आत्याच्याच शाळेतल्या एका बाईंचं सासर बुऱ्हाणपूरचं. त्यांना इकडे यायचं होतं. दोघींची अदलाबदल होऊ शकेल असं कळलं होतं. आत्याने हो म्हणायचं, एवढंच बाकी. भुसावळला गाडी बदलताना मी आईला विचारत होते, आत्याची ट्रंक आपण येतानाच आणायची का.

आत्याची खोली माडीवर होती, पुढे मोठी गच्ची. संध्याकाळी तिने गच्चीवर पाणी मारलं, गाद्या घातल्या.

"मच्छरदाणी कुठंय?" मी विचारलं.

"इथे कशाला? वारा आहे की."

मी तिच्या शेजारी पडले. आमच्या खाटेवर ती कायम भिंतीकडे एका कुशीवर, अंग चोरून झोपायची. इथे ती हातपाय पसरून उताणी पडली, दोन शब्द बोलली, आणि तिसऱ्याला झोपलीसुद्धा. माझ्या आधी. असं कधी झालं नव्हतं. मी तिच्याकडे पाहत राहिले, जणू दुसरीच कोणी बाई आहे.

सकाळी चहा ओतताना आईने विषय काढला. "वन्सं, हो म्हणून टाका. पोर आजारी पडायची राहिलीय तुमच्याशिवाय."

"आजारी? काल माझ्या वाटणीची भाकरीही तिनेच खाल्ली." आत्या हसली, मग थांबली. "वहिनी, मला इथे झोप लागते हो."

"तिथे लागत नव्हती?"

"त्या कापडात कोंडल्यासारखं व्हायचं. वारा म्हणून लागायचा नाही. हिला लागायची तिथे झोप, म्हणून मी पडून राहायचे."

आईने पुन्हा तो विषय काढला नाही.

आता मीही पत्रकं लिहिते. बाईचा पगार तिचा, तिची खोली तिची, तिची झोपही तिची. मायेच्या नावाखाली तिला कोणी डांबून ठेवू नये. सभेत हे बोलताना माझा आवाज चढतो आणि मी त्यातला शब्दही मागे घेणार नाही. पण हे पत्रक नाही, म्हणून लिहिते, की तिने तेव्हा हो म्हणायला हवं होतं असं मला आजही वाटतं. रोज अंथरुणावर पाठ टेकली की वाटतं.

परत निघालो तेव्हा ती स्टेशनवर आली. डब्याच्या खिडकीशी उभी राहिली. मी विचारलं, "मग मी इथे येऊ राहायला? तुझ्याच शाळेत बसेन. मच्छरदाणी नको मला."

मोठी माणसं अशा वेळी 'बघू' म्हणतात. ती खरंच विचार करत होती, मला दिसत होतं. कपाळावर आठी आली, ती गेली.

"नको गं," ती म्हणाली.

गाडी हलली. मला तिचा इतका राग आला, इतका, की तिच्याच कुशीत शिरून तो तिला सांगावासा वाटला.