काकूंच्या उंचीची गाडी

गाद्या आणि सीट-कव्हरच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक फोमची कतरण आणि दुसरे किस्से. कतरण निदान उशीत भरता येते. किस्से गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगता येत नाहीत, म्हणून ते तुम्हाला सांगतो. सगळे आमच्या तायडे सरांचे आहेत, म्हणजे त्यांच्या गाड्यांचे.

मेहकरात माझं दुकान, शेजारी सलीमभाईंचं गॅरेज आणि माझ्याच माडीवरच्या खोलीत तायडे सर आणि काकू भाड्यानं राहायचे. सर शाळेतून रिटायर झाले आणि मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागले. त्यात कुठल्याशा देशातलं एक म्हातारं जोडपं घरदार सोडून गाडीतच राहत होतं. झालं! सरांनी जाहीर केलं, "आपणबी गाडीतच राहू. बाराही महिने!"

काकूंनी नाही म्हटलं नाही. त्यांनी एकच अट घातली.

"गुडघ्यापायी मले मांडी घालून बसता येत नाही. उभं राहून पोळी लाटता आली पाह्यजे, मग न्या कुठीबी. तशी गाडी भेटेपर्यंत मी खोलीची चाबी सोडणार नाही."

आणि चाबी त्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली.

आता आमच्याकडची रीत सांगतो. गाडी बघायला पुरुष जातात. टायरला लाथ मारतात, बॉनेट उघडतात आणि काही कळो न कळो, मान हलवतात. बाईमाणसाला बोलावतात ते गाडी दारात आल्यावर, ओवाळायला! त्यामुळे गाडी निवडायच्या कमिटीत आम्ही चौघं होतो. सर, सलीमभाई, एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर देवमन आणि गादीचं माप घ्यायला मी.

* * *

पहिली गाडी आली ती डबा व्हॅन. "मायलेज लय देते," देवमन म्हणाला आणि विषय संपला.

काकूंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, ओवाळलं, मग आत डोकावल्या. म्हणाल्या, "इथं तर बसल्यावरबी टाळू घासते."

"सवय होते," सर म्हणाले.

पहिली ट्रिप शेगावला. सकाळी पार्किंगमध्ये काकूंनी गाडीच्या मागे स्टूल टाकलं आणि त्यावर शेगडी ठेवून पोहे केले. आत उभं राहायची सोयच नव्हती! झाकण उघडून पाहतात तर समोर एक आजोबा पत्रावळ घेऊन उभे. त्यांच्या मागे एक बाई, तिच्यामागे तिची दोन लेकरं. शेगावात रस्त्यावर कोणी पातेलं घेऊन उभं असलं की तो प्रसादच, असा लोकांचा हिशेब. काकूंना नाही म्हणवेना. त्या वाढत गेल्या आणि रांग वाढत गेली.

अंघोळ करून सर आले तेव्हा रांगेतल्या एकाने त्यांना दटावलं, "ओ काका, लाईनीत या ना!"

सर लाईनीत उभे राहिले. त्यांचा नंबर येईपर्यंत पोहे संपले होते.

* * *

दुसरी गाडी आली जुनी अँब्युलन्स. "यात माणूस आडवा झोपते, म्हणजे झोपायसाठीच बनवेल हाय," हा देवमनचा युक्तिवाद. सलीमभाईंनी रंग मारला, पण पुढची उलटी अक्षरं काही केल्या जाईनात. मी आधीची गादी उसवून लांब केली.

काकूंनी ओवाळलं. म्हणाल्या, "आता बसून डोकं लागत नाही, पण उभी राह्यली की वाकाच लागते."

सोनाळ्याला सरांची बहीण दिलेली. न कळवता गेले, सरप्राईज म्हणून! दारात अँब्युलन्स थांबलेली पाहून बहिणीने जो हंबरडा फोडला, त्याने अख्खी आळी गोळा झाली. सरांनी घाईघाईने खिडकीतून हात काढला.

"अगं, मी हाय! मी बरा हाय!"

बहिणीने सरांकडे पाहिलं, मग मागच्या बंद दाराकडे, आणि दुप्पट जोराने रडायला लागली. "वयनी वो! काऊन सोडून गेल्या वो!"

तेवढ्यात मागचं दार उघडलं. काकू कंबरेत वाकलेल्या, हातात गाळणी. म्हणाल्या, "आळीतल्या लोकाईले कितीक कप टाकू?"

* * *

त्यानंतर शाळेची जुनी बस आणली. यात मात्र काकू उभ्या राहू शकत होत्या! ओवाळताना पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं. पण सरांकडे बस चालवायचं लायसन नव्हतं, म्हणून चालवायला देवमन.

देवमनची तीस वर्षं एसटीत गेलेली. स्टॉपवर कोणी हात केला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. लोणारच्या रस्त्यावर अशीच एक म्हातारी टमाट्याची पाटी घेऊन चढली, ऐसपैस गादीवर बसली आणि काकूंना म्हणाली, "कंडक्टरबाई, एक लोणार."

काकूंनी तिला चहा दिला. लोणारला उतरताना म्हातारीने स्टँडवरच्या बायांना सांगितलं, "एसटी लय सुधरली वो!"

यापर्यंत ठीक होतं. पण देवमन दुपारी जेवला की गादीवर झोपायचा, ड्युटीवर झोपायचा तसा, टोपी तोंडावर ठेवून. रोज! संसार दोघांचा आणि माणसं तीन. काकूंनी महिनाभर तिघांच्या पोळ्या लाटल्या. मग एक दिवस खोलीवर परत आल्या आणि सर्वांसमोर म्हणाल्या, "आता एकच गाडी पाहीन. ते जमली नाही, तर मी इथं राहते. तुम्ही फिरा."

सरांचं तोंड एवढंसं झालं. लग्नाच्या अडतीस वर्षांत त्यांनी एकट्याने साधं अकोलाही केलं नव्हतं.

* * *

कमिटीची तातडीची मीटिंग बसली. मी वही काढली. "बोला सर, काकूंची उंची किती?"

सर विचारात पडले. हात वर केला, मग खाली घेतला. "माह्या खांद्याइतकी असंन. का कानाइतकी?"

सलीमभाई हातातला पाना ठेवून म्हणाले, "या अल्ला! तीन गाड्या घेतल्या, अन् भाभीले कोनी इचारलंच नाही?"

मीही खूप हसलो. घरी जाताना लक्षात आलं की मलाही माझ्या बायकोची उंची माहीत नाही. सरळ विचारली, तर म्हणाली, "काऊन? माह्यासाठी गादी शिवून राह्यले का?" मला खरंच लाज वाटली. तिच्यासाठी मी एक उशीसुद्धा शिवलेली नव्हती.

त्या दिवसांत आमच्या रस्त्याने ड्रायव्हिंग स्कूलची गाडी रोज गचके खात जायची. चालवणारी कोणी पोरगी, तोंडाला स्कार्फ बांधलेली. गाडी बंद पडली की देवमन ओरडायचा, "क्लच, बाई, क्लच!" काकू त्या वेळेस भजनाला जात, म्हणून त्यांना ही गंमत दाखवता येत नाही याची आम्हाला हळहळ वाटायची.

* * *

पुढे एका सकाळी काकू स्वतः गॅरेजमध्ये आल्या. पिशवीत पोळपाट आणि लाटणं. सलीमभाईंकडे विकायला तीन गाड्या उभ्या होत्या. काकूंनी ना टायर पाहिलं ना इंजिन. सरांना म्हणाल्या, "चढा."

सर चढले. काकूंनी त्यांच्या हातात लाटणं दिलं. "लाटा."

"काय लाटू?"

"हवा लाटा! पण नीट उभं राहून."

पहिल्या गाडीत सरांचं डोकं आपटलं. दुसरीत ओट्याची जागा गुडघ्याशी आली. आम्हाला वाटलं, काकू बदला घेऊन राहिल्या, आणि आम्ही मजा बघत होतो. तिसरा होता दुधाचा बंद बॉडीचा छोटा टेम्पो. त्यात सर ताठ उभे राहिले.

"डोक्याले लागते?"

"नाही."

"पाठ दुखते?"

"नाही बा."

"मग हेच घ्या," काकू म्हणाल्या.

आठवड्यात सलीमभाईंनी ओटा बसवला. मी गादी पुन्हा उसवली आणि चौथ्यांदा शिवली. निघायच्या दिवशी टेम्पो दारात उभा राहिला, चाकाखाली लिंबं ठेवली, ताटात दिवा लागला. काकूंनी पदराची गाठ सोडली आणि खोलीची चाबी माझ्या हातावर ठेवली. मी ती खिशात टाकली आणि उगाच गादी ठीक करायला लागलो.

देवमन सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे निघाला. काकूंनी त्याला हाताने बाजूला केलं. पिशवीतून स्कार्फ काढून तोंडाला बांधला, ओवाळायचं ताट सरांच्या हातात दिलं आणि स्वतः स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या.

"ओवाळा लवकर," काकू म्हणाल्या. "पोळ्या लाटायच्या हायेत तुमाले."